थपडेचा आवाज : लोम्बार्दीत ‘डॉन पास्क्वाले’चे दोन प्रयोग

पहिला दिवस, बुधवार

सांगलीत वाढलेल्या माणसाला 1843 हे साल वेगळे शिकवावे लागत नाही. त्या वर्षी 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत संस्थानिकांपुढे ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमी दिन अजूनही त्याच तारखेला साजरा होतो. त्याच वर्षीच्या 3 जानेवारीला पॅरिसच्या इटालियन नाट्यगृहात गाएतानो डोनिझेत्ती याच्या ‘डॉन पास्क्वाले’ या विनोदी ऑपेराचा पहिला प्रयोग झाला होता, हे मात्र मला फार उशिरा, म्हणजे हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करता करता केस पांढरे झाल्यावर कळले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण सालाने मनात घर केले ते केलेच. (मूळ उच्चार ‘दोन’ असा आहे. मराठी वाचकाला पास्क्वाले नावाचे दोन गृहस्थ दिसू नयेत, म्हणून मी ‘डॉन’ लिहितो आहे.)

भाची मिलानला शिकायला आहे. “मामा, तुम्ही एकदा याच, ला स्काला दाखवते,” असा तिचा दोन वर्षे आग्रह चालला होता. मी यायला तयार झालो, पण अट घातली की ला स्काला हे मोठे ऑपेरागृह बाहेरून दाखवलेस तरी चालेल, प्रयोग मात्र एखाद्या लहान गावात पाहायचा. मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरात सगळेच चांगले दिसते. नाटक किती पाण्यात आहे हे दौऱ्यावर कळते, जिथे रंगमंच दोन हात अरुंद निघतो आणि दार उघडायच्या जागी खांब येतो.

लोम्बार्दी प्रांतात अशा दौऱ्याची चांगली घडी बसलेली आहे. बेर्गामो, ब्रेश्या, कोमो, क्रेमोना आणि पाविया या पाच गावांची जुनी नाट्यगृहे मिळून ऑपेरा उभा करतात. नेपथ्य, पोशाख, गायक एकच असतात आणि तोच संच गावोगाव फिरतो. 1967 साली झालेल्या 800 क्रमांकाच्या कायद्याने अशा नाट्यगृहांना ‘परंपरेची नाट्यगृहे’ असा स्वतंत्र दर्जा दिला, तेव्हापासून त्यांना सरकारी मदतही मिळते. आपल्याकडच्या नाटकमंडळींना असा कायदा मिळाला असता तर काय झाले असते, हा विचार मी विमानातच करून संपवला होता. आमचा प्रयोग क्रेमोनाचा होता, शुक्रवारी रात्री आठला. रविवारी दुपारी साडेतीनला दुसरा. मी दोन्हींची तिकिटे काढायला सांगितली, तेव्हा भाचीने फोनवर क्षणभर काहीच उत्तर दिले नव्हते.

मिलानच्या मुख्य स्थानकावरून बेर्गामो तासाभराच्या आत येते. डोनिझेत्तीचे गाव आधी पाहायचे, मग त्याचे नाटक, असा क्रम मीच ठरवला होता. गावाचे दोन भाग आहेत. खालचे गाव सपाटीवर आहे, वरचे टेकडीवर, व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी बांधलेल्या तटबंदीच्या आत. आणि 1887 पासून चालणारी दोरखंडाची गाडी माणसांना वर नेते. रात्री दहाला वरच्या चौकातल्या मनोऱ्याची मोठी घंटा वाजू लागली. मी सवयीने मोजू लागलो आणि बारानंतरही ती थांबेना, तेव्हा घड्याळ बिघडले असे समजलो. ती शंभर ठोके देते. पूर्वी तटाचे दरवाजे बंद करण्याची ती वेळ होती. आता दरवाजे बंद होत नाहीत, घंटा मात्र शंभराच्या आत थांबत नाही.

दुसरा दिवस, गुरुवार

डोनिझेत्तीचा जन्म 29 नोव्हेंबर 1797 चा, बोर्गो कानाले या तटाबाहेरच्या वस्तीतला. घर आज बंद होते, म्हणून बाहेरून पाहिले. उतरत्या, दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर ते इतर घरांच्या रांगेत उभे आहे आणि पाटी नसती तर आम्ही पुढे निघून गेलो असतो. पण हे कुटुंब राहायचे ते रस्त्याच्या पातळीखालच्या खोल्यांत. आपण जमिनीखाली जन्मलो, तळघराच्या पायऱ्या उतरून घरात जावे लागे आणि तिथे उजेडाचा कवडसाही कधी शिरला नाही, असे त्याने पुढे आपल्या गुरूंना, सिमोन मायर यांना, पत्रात कळवले होते. वडील नगराच्या गहाणवट-पेढीत रखवालदार होते. अशा घरातला मुलगा संगीत शिकला याचे कारण हे मायर. ते मूळचे बव्हेरियाचे, बेर्गामोच्या मोठ्या देवळाचे संगीतप्रमुख, आणि गरीब मुलांना फुकट संगीत शिकवण्यासाठी त्यांनी इथे शाळा काढली होती. 1806 मध्ये आठ वर्षांचा गाएतानो त्या शाळेत दाखल झाला.

गुरू आणि शिष्य दोघेही आता सांता मारिया माज्जोरे या देवळात आहेत. डोनिझेत्तीच्या स्मारकावर संगीतदेवता मान खाली घालून बसली आहे आणि खाली लहान लहान देवदूत दुःखाने आपल्या वीणा मोडताना कोरले आहेत. शिल्पकार व्हिन्चेन्झो व्हेला. त्यातला एक देवदूत वीणा गुडघ्यावर आपटून मोडतो आहे असे मला वाटले, आणि साथीदार म्हणून अंगावर काटा आला; कोणाच्याही मरणाने वाद्य मोडू नये, असे माझे मत आहे.

संग्रहालयात त्याचा पियानो आहे, खुर्ची आहे आणि ज्यावर तो गेला तो पलंगही. इथे मी बराच वेळ थांबलो. 1837 साली त्याची पत्नी व्हिर्जिनिया वारली. तीन मुले झाली, त्यातले एकही जगले नाही. ‘डॉन पास्क्वाले’ लिहिला तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा, एकटा आणि मनातून थकलेला होता, आणि अंगात मुरलेला आजार पुढच्या तीन वर्षांत त्याची बुद्धी घेऊन गेला. 1846 मध्ये त्याला पॅरिसजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले, पुढच्या वर्षी गावी आणले आणि 8 एप्रिल 1848 रोजी तो इथेच मरण पावला. या माणसाने आयुष्याच्या त्या टप्प्यावर म्हाताऱ्या नवरदेवाची टर उडवणारा ऑपेरा लिहिला, आणि तो अकरा दिवसांत लिहिला असे तो सांगत असे. अकरा दिवसांत चाली सुचल्या असतील. वाद्यमेळ लिहायला जास्त दिवस लागले असणार. दोन रिकाम्या पानांवर स्वरलिपी लिहितानासुद्धा माझी संध्याकाळ जाते.

खालच्या गावातले मोठे थिएटर आज त्याचेच नाव मिरवते. ते आधी रिक्कार्दी या नावाने ओळखले जाई, 1897 साली, जन्मशताब्दीला, नाव बदलले. बाहेरून एक चक्कर मारली, एवढेच. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या विनोदी नाटकांतले आर्लेक्किनो आणि ब्रिगेल्ला हे दोन बिलंदर नोकर परंपरेने बेर्गामोचे मानले जातात. ‘डॉन पास्क्वाले’तली माणसे त्याच मुखवट्यांची नातवंडे आहेत. त्या नाटकांतला कंजूष म्हातारा पांतालोने म्हणजे आपला पास्क्वाले, आणि सगळी कळसूत्रे हलवणारा डॉक्टर मालातेस्ता हा ब्रिगेल्लाच्या जातकुळीचा. आपल्या वगातला सोंगाड्या कोणत्याही गावचा असू शकतो. इथे त्याला गाव नेमून दिले आहे.

तिसरा दिवस, शुक्रवार

बेर्गामोहून क्रेमोनाला जायचे तर त्रेवील्योला गाडी बदलावी लागते. आमची पहिली गाडी उशिरा आली, दुसरी आमच्या डोळ्यांदेखत सुटली, आणि त्या फलाटावर आम्ही तासभर धुक्यात बसून राहिलो. पो नदीच्या खोऱ्यातले नोव्हेंबरचे धुके म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हते. समोरच्या फलाटावरचा माणूस दिसत नव्हता, फक्त त्याचा खोकला ऐकू येत होता. त्या तासात मी भाचीला गोष्ट सांगितली.

रोममधला पास्क्वाले सत्तरीला टेकलेला, पैसेवाला, अविवाहित. भाचा एर्नेस्तो म्हाताऱ्याने पाहिलेल्या मुलीशी लग्न करत नाही, कारण त्याचे नोरिनावर प्रेम आहे आणि नोरिनाकडे पैसा नाही. म्हातारा चिडतो, आता मीच लग्न करतो, मला मुले होतील, तुला दमडी मिळणार नाही, असे ठरवतो. डॉक्टर मालातेस्ता त्याला आपली ‘बहीण’ दाखवतो. मठात वाढलेली, बुरखा वर करायला लाजणारी सोफ्रोनिया. ती अर्थात नोरिनाच असते. खोट्या नोटरीपुढे खोटा करार होतो आणि सही वाळायच्या आत सोफ्रोनियाची वाघीण होते. नोकर वाढवते, गाड्या मागवते, दागिने मागवते, म्हाताऱ्याला त्याच्याच घरात कोपऱ्यात ढकलते.

“मामा, ही तर ‘शारदा’ झाली,” भाची म्हणाली.

मला तेच ऐकायचे होते. गोविंद बल्लाळ देवलांचे ते नाटक 1899 सालचे. थेरड्या भुजंगनाथाला कोवळी मुलगी विकायला निघालेल्या बापाची ती गोष्ट आमच्या पिढीने ऑर्गनच्या पट्ट्यांवरून पाठ केली आहे. दोन्हीकडे नवरदेव म्हातारा आणि त्याची खिल्ली. पण ‘शारदे’त मुलीच्या गळ्याला सुरी लागलेली असते, म्हणून भुजंगनाथाची दया करायला प्रेक्षकाला सवड मिळत नाही. इथे सुरी मुलीच्याच हातात आहे. आणि नोरिना ही तरुण विधवा आहे, असे संहितेत पात्रपरिचयातच लिहिलेले आहे. 1843 मधली एक विधवा आपल्या पसंतीचा नवरा मिळवण्यासाठी कारस्थान रचते, सुखी होते, आणि तिचे वैधव्य कुठेही आड येत नाही. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. हे सांगितल्यावर भाची काही बोलली नाही. गाडी आली होती.

क्रेमोनाचे नाट्यगृह मुख्य रस्त्यावर, खांबांच्या देवडीआड उभे आहे. अठराव्या शतकात इथे पहिले थिएटर झाले, ते 1806 मध्ये जळाले. 1808 मध्ये लुईजी कानोनिका याच्या आराखड्याने नवे उभे राहिले, त्यालाही 1824 मध्ये आग लागली आणि पुन्हा दुरुस्त केले. मेणबत्त्यांच्या काळातल्या थिएटरांचे चरित्र म्हणजे बहुधा आगींची यादी असते. 1907 पासून त्याला आमिल्कारे पोंकिएल्ली या या प्रांतातल्या संगीतकाराचे नाव आहे.

शुक्रवारची आमची जागा सगळ्यात वर होती. या माळ्याला इथे ‘लोज्जोने’ म्हणतात, तो स्वस्त असतो, आणि इटलीभर अशी ख्याती आहे की गायकाची खरी परीक्षा तिथेच होते. गाणे बिघडले तर खालचे लोक टाळ्या वाजवणे थांबवतात, वरचे शिट्टी मारतात. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. त्यांनी बसताच पर्समधून तोर्रोने काढून आम्हाला दिले. तोर्रोने म्हणजे मध, अंड्यातले पांढरे आणि बदाम यांची कडक वडी, क्रेमोनाची खासियत. अंडे आहे हे भाचीने मला ती खाऊन झाल्यावर सांगितले.

पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खोलगट जागेत, ओबो या फुंकवाद्याने सूर दिला आणि सगळी वाद्ये त्या सुरात लागली. आमच्याकडे हे काम ऑर्गनचे. माझा उजवा पाय नकळत पायट्यावर गेला. सुरुवातीच्या दणक्यानंतर एकट्या चेलोने एक लांब, हळुवार चाल धरली. ती एर्नेस्तोने शेवटच्या अंकात बागेत गायच्या गाण्याची चाल आहे. नांदीतच भरतवाक्याआधीचे पद ऐकवून ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडली. पडदा वर गेला तेव्हा म्हाताऱ्याचे घर दिसले: भिंतीएवढी चार कपाटे, आणि सगळ्या सामानावर पांढरे कापड झाकलेले. बस्स. ट्रकमध्ये मावेल आणि पाचही गावांच्या रंगमंचांवर बसेल असे नेपथ्य करायचे तर कपाटांसारखी दुसरी सोय नाही, हे मी लगेच ओळखले. पण दुसऱ्या अंकात नोरिनाने ती कापडे एकेक करून ओढून काढली, कपाटांतून रंगीत कपडे, टोप्या, दिवे बाहेर पडू लागले आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नोकरांचा सगळा कोरस त्या कपाटांच्या दारांतून ये-जा करू लागला, तेव्हा ती सोय राहिली नव्हती. कित्येक वर्षे बंद असलेले घर उघडल्यासारखे ते दिसत होते.

गायक सगळे तरुण होते. या पाच थिएटरांच्या मंडळींची रीतच अशी आहे की नव्या गळ्यांना आधी इथे उभे करायचे; कोमोच्या थिएटरशी जोडलेली, 1949 साली सुरू झालेली एक संस्था तरुण ऑपेरा गायकांच्या स्पर्धा घेते, आणि त्यातून निवडलेली मुले या दौऱ्यात उतरतात. त्यामुळे सत्तर वर्षांच्या पास्क्वालेचे काम तिशीतल्या बास आवाजाच्या मुलाने केले होते. केसांना पावडर, पोटाला उशी. पहिल्या अंकात त्याचे म्हातारपण मला खोटे वाटले; गुडघे दुखणारा माणूस खुर्चीत बसताना आधी खुर्चीचा हात शोधतो, हा मुलगा नुसताच बसत होता. नोरिनाचा आवाज मात्र पहिल्या पदापासून पाण्यासारखा होता. दुसरा अंक एकट्या ट्रम्पेटच्या उदास सुरावटीने उघडतो, घराबाहेर काढलेल्या एर्नेस्तोसाठी. ती वाजवणाऱ्या वादकाला एके ठिकाणी श्वास कमी पडला. आजींनी मान हलवली. शिट्टी कुणी मारली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो.

तिसऱ्या अंकात नोरिना नटून थटून निघाली आहे. एवढ्या घाईने कुठे, असे म्हातारा विचारतो. नाटकाला, मजा करायला, असे ती सांगते. तो आडवा येतो, शब्दाला शब्द वाढतो, आणि ती त्याला थप्पड मारते. तोवर सगळे थिएटर हसत होते. शुक्रवारी वरच्या माळ्यावर तो आवाज टाळीसारखा कडक आला, वाद्ये थबकली, आणि हसू निम्म्यावर तुटले. मग म्हातारा अगदी हळू आवाजात, आपले आता संपले, असे गाऊ लागला; त्याच्या पाठोपाठ नोरिना बाजूला तोंड करून, धडा जरा कडकच झाला पण द्यायलाच हवा होता, असे स्वतःला समजावू लागली. दोघांच्या ओळी एकमेकींत विणल्या गेल्या आहेत, पण ती दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. आतापर्यंत धावणाऱ्या संगीताला अचानक वय झाल्यासारखे झाले. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोवेरिनो.” बिचारा. एवढाच शब्द, आणि तो त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या.

पुढचे सगळे पुन्हा हसवणारेच आहे. पास्क्वाले आणि मालातेस्ता यांचे ते जगप्रसिद्ध झपाट्याचे द्वंद्वगीत आले, ज्यात शब्द इतके भरभर येतात की जीभ आणि श्वास यांची शर्यत लागते. ते संपल्यावर वरून “बिस! बिस!” असा गलका सुरू झाला. पडदा पडलेला, दोघे पडद्यापुढे आले, आणि शेवटचा भाग पुन्हा, आधीपेक्षा वेगाने म्हणून दाखवला. मला एकदम आपल्या संगीत नाटकांचे दिवस आठवले. वन्स मोअर ही आपल्याकडे विलायतेतून आलेली खोड आहे असे काही जाणकार नाके मुरडत म्हणतात. तर मग मूळ गावीही ती सुटलेली नाही, हे त्यांना कळवायला हवे.

चौथा दिवस, शनिवार

आज प्रयोग नव्हता. व्हायोलिन बनवणारा प्रसिद्ध कारागीर स्त्रादिव्हारी क्रेमोनात 1737 मध्ये वारला. ज्या देवळात त्याला पुरले ते 1869 मध्ये पाडले गेले आणि तिथे आता बाग आहे, बागेत एक दगड आहे. व्हायोलिन बनवण्याची इथली हस्तकला 2012 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. व्हायोलिन संग्रहालयात काचेआड त्याची वाद्ये पाहिली. दिव्यांच्या मंद उजेडात त्यांचा लाकडी रंग चहासारखा दिसत होता. मोठ्या घंटामनोऱ्याच्या पाचशे दोन पायऱ्या चढायचा बेत भाचीने केला आणि मी खाली बाकावर बसून तो पूर्ण होताना पाहिला.

दुपारी चीजबरोबर मोस्तार्दा आला. पाकवलेली अख्खी फळे, चेरी, पेर, लहानशी संत्री, पाहून मी मुरांबा समजून मोठा तुकडा तोंडात टाकला, आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. साखरेच्या पाकात मोहरीचा अर्क. फेसलेल्या मोहरीचा तोच तो झटका, जो आमच्याकडे लोणच्यात आंब्याबरोबर येतो, इथे गोड पाकात दडून बसलेला. डोळे पुसताना भाचीला म्हणालो की तिसऱ्या अंकाचीही हीच पाककृती आहे. तिने वाढप्याकडे पाणी मागितले.

पाचवा दिवस, रविवार

रविवारचे तिकीट महागाचे निघाले आणि जागा वाईट. रंगमंचाला अगदी लागून असलेल्या खोलीवजा बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या; ‘दृश्य मर्यादित’ असे तिकिटावर छापलेले होते, ते भाचीने घेताना वाचले नव्हते. पुढच्या खुर्च्यांवरचे दोघे वाकून बसले की आम्हाला समोरचा अर्धा रंगमंच नाहीसा होई. उरलेला अर्धा मात्र इतका जवळ होता की गायकांच्या गळ्यावरच्या शिरा दिसत होत्या, समोरच्या विंगेत उभी असलेली पोशाखवाली बाई दिसत होती, आणि पिटातल्या ट्रम्पेटवाल्याचा पाठमोरा खांदा. त्याने आज दुसऱ्या अंकाआधी दोनदा लांब श्वास घेतलेला मी पाहिला. सुरावट स्वच्छ निघाली.

दुपारचा प्रेक्षक वेगळा होता. वर्गणीदार कुटुंबे, नातवंडे, काठ्या टेकत आलेले आजोबा. ते शुक्रवारपेक्षा जास्त हसले आणि जास्त खोकले. म्हाताऱ्याच्या कामातही काही बदलले होते, किंवा मी जवळून पाहत होतो म्हणून तसे वाटले असेल. आज तो बसण्याआधी खुर्चीचा हात चाचपत होता. या ऑपेरात गाण्यांमधले संवाद जुन्या पद्धतीप्रमाणे नुसत्या क्लाविचेंबालोच्या (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या तंतुवाद्याच्या) आधाराने नव्हे, तर तंतुवाद्यांच्या साथीवर म्हटलेले आहेत. त्यामुळे बोलणे आणि गाणे यांच्यात सांधा राहत नाही, आणि तसल्याच एका बोलण्यात, सोफ्रोनियाची वाट पाहताना, त्याने आरशात पाहून केस सारखे केले. ते हसण्यासाठी केले नव्हते. पहिल्या रांगेत कुणीतरी हसले, पण एकच.

आणि थप्पड. तो दारात आडवा उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून, हट्टी म्हाताऱ्यासारखा, पाठ बरोबर आमच्या बॉक्सकडे. नोरिनाचा हात उठला. तो त्याच्या गालाला लागलाच नाही. चार बोटे अंतरावर थांबला. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे, झग्याच्या बाहीआड, त्याचा उजवा तळवा डाव्यावर कडाडून आपटला. मान झटक्याने वळली. सगळ्या थिएटरने थप्पड ऐकली आणि वाद्ये थबकली.

आमच्याकडे ही टाळी विंगेत उभा केलेला पोरगा वाजवतो, आणि दहातून तीनदा उशिरा वाजवतो. इथे आवाज म्हाताऱ्याच्या स्वतःच्या हातातून निघत होता. हे कळल्यावर नट म्हणून कौतुक वाटायला हवे होते, वाटलेही. पण पुढच्या क्षणी, आपले आता संपले, ही ओळ सुरू झाली तेव्हा त्याचे हात अजून पाठीमागेच होते आणि उजव्या हाताची बोटे डावा तळवा हळूहळू चोळत होती. ते प्रेक्षकांना दिसणे शक्य नव्हते. ते नाटकासाठी होते की खरोखर हुळहुळले म्हणून, हे मला तिथे बसून ठरवता आले नाही. शुक्रवारी वरून ऐकताना मी थप्पड मारणाऱ्या हाताचा विचार करत होतो. आज त्या चोळणाऱ्या बोटांवरून नजर हटेना. बेर्गामोच्या संग्रहालयातली ती खुर्ची आणि तो पलंग मला पुन्हा दिसले.

शेवटी बागेत एर्नेस्तोचे गाणे झाले, आडून कोरस आला, दोघा प्रेमिकांचे ते सायंकाळच्या उजेडासारखे द्वंद्व झाले, फसवणूक उघडी पडली, म्हाताऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकून दोघांना आशीर्वाद दिले. नोरिनाने तात्पर्य गायले की म्हातारपणी जो लग्न करतो त्याचे डोके ठिकाणावर नाही. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी आणखी जोरात.

बाहेर आलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि धुके पुन्हा उतरले होते. थिएटरच्या मागच्या दाराशी ट्रक लागलेला होता. चौघांनी एक कपाट आडवे करून उचलले, तर आत कपाट नव्हतेच, लाकडी चौकटीवर ताणलेले कापड होते, एकट्यालाही पेलले असते. पांढरी कापडे घडी घालून पेटीत चालली होती. तेवढ्यात तो मुलगा बाहेर आला. केसांतली पावडर पुरती गेली नव्हती, गळ्याला मफलर, पाठीला पिशवी. मला इटालियन येत नाही. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि टाळी वाजवली.

तो थांबला. इकडे तिकडे पाहिले, जवळ कुणी नाही याची खात्री केली, हसला, आणि ओठांवर बोट ठेवून धुक्यात निघून गेला. त्याचे नाव इथे लिहिले नाही, एवढे मी पाळले आहे.